आवळा, कोहळा आणि कॅशबॅक

मराठी बाजारात सवलतीला शब्दांची वाण कधीच नव्हती. बिलाची बेरीज झाल्यावर वाण्याने सोडून दिलेले वरचे सुटे पैसे म्हणजे सूट. भाजीवालीने पिशवीत शेवटी टाकलेल्या चार मिरच्या आणि कढीलिंबाची काडी म्हणजे 'वरचे'. दुधवाल्याचे झुकते माप, धन्यासाठी खरेदी करणाऱ्या नोकराला दुकानदाराकडून मिळणारी दस्तुरी, सौदा जुळवून देणाऱ्याची दलाली, असे एकेक नाव होते. आणि त्या नावातच कोण कोणाला, कशाबद्दल देतो आहे याचा खुलासा होता. गेल्या दहा वर्षांत या साऱ्या शब्दांना बाजूला सारून एकच शब्द घरोघर रुळला आहे, कॅशबॅक. त्याचा शब्दशः अर्थ परत आलेली रोकड. मौज अशी की, त्यात पुष्कळदा रोकड नसते. आणि ती कोणाच्या खिशातून आली याचा त्या शब्दात मागमूसही नसतो.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो: हा माणूस हे का करतो आहे? कर्ज मागायला आलेल्या गृहस्थाला तो मनातल्या मनात विचारायचा, कादंबरीतल्या पात्राला उघडपणे विचारायचा. आपल्या मोबाइलवर दर दोन दिवसांनी 'अभिनंदन!' म्हणत येणाऱ्या या अनोळखी दात्यालाही तो एकदा विचारून पाहायला हरकत नसावी.

प्रथम हे मान्य करू की, खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला काही परत देण्याची कल्पना नवी नाही आणि वाईट तर मुळीच नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथील २८ जणांनी, त्यांत विणकर होते आणि इतर कारागीरही होते, २१ डिसेंबर १८४४ रोजी एक लहानसे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असा चार-पाच जिनसांचा माल. भेसळ करायची नाही, मापात मारायचे नाही, उधारी ठेवायची नाही आणि जी शिल्लक राहील ती ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटून द्यायची, हे त्यांचे नियम. जगातील सहकारी ग्राहक चळवळीचा हा पाया मानला जातो. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार याच कुळीचा. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही न थाटता शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले, महिन्याची यादी एकत्र केली, माल घाऊक आणला आणि सभासदांनी तो आपसांत वाटून घेतला. पैसे वाचले ते सर्वांचे, आणि कसे वाचले हे सर्वांना ठाऊक.

रॉचडेलच्या विणकराला जे मिळे ते त्याच्याच दुकानाच्या नफ्यातून. दुकान त्याचे, हिशेब त्याच्यासमोर, दुकानात काय ठेवायचे हे ठरवणाराही तोच. मोबाइलमधला कॅशबॅक कोणत्या नफ्यातून येतो?

याची उत्तरे तीन आहेत, कारण कॅशबॅकचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला प्रकार पैसे चुकते करण्याच्या अॅपचा. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि हातात नोटा नसलेला देश मोबाइलकडे वळला. त्या धांदलीत खासगी कंपन्यांनी गिऱ्हाईक जोडण्यासाठी कॅशबॅकची खैरात केली. सरकारही मागे नव्हते. डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये 'लकी ग्राहक योजना' आली आणि तिचे एक कोटीचे बक्षीस महाराष्ट्रातच आले. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात पंतप्रधानांनी भीम अॅपसाठी दुकानदारांना कॅशबॅक देणारी योजना जाहीर केली. सवय लागावी हा या साऱ्याचा उद्देश होता आणि तो शंभर टक्के साधला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सवय लागल्यावर खैरात आटली, हे ओघानेच आले. पूर्वी पन्नास-शंभर रुपये देणारे स्क्रॅच कार्ड आता खरवडले तर दोन रुपये, नाहीतर कोणत्याशा चप्पल कंपनीचे कूपन निघते.

यूपीआयच्या साध्या, बँक खात्यातून होणाऱ्या व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. मग हे दोन रुपये तरी येतात कोठून? काही गुंतवणूकदारांच्या भांडवलातून, काही जाहिरातदारांकडून आणि पुष्कळसे या आशेतून की, रोज अॅप उघडणारा माणूस आज ना उद्या तेथूनच कर्ज घेईल, विमा उतरवील, सोने घेईल. बँकेच्या भाषेत याला गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च म्हणतात.

दुसरा प्रकार मध्यस्थाचा. २०१३ साली सुरू झालेले कॅशकरो किंवा त्यासारखी इतर अॅप्स या वर्गातली. तुम्ही आधी यांच्याकडे जायचे, यांच्या दारातून ऑनलाइन दुकानात शिरायचे आणि खरेदी करायची. दुकान या मध्यस्थाला दलाली देते आणि तो तिच्यातला काही हिस्सा तुम्हाला देतो. व्यवहार सरळ आहे. वाईट त्यात काही नाही. मात्र दलाली पक्की होते ती वस्तू परत करण्याची मुदत उलटल्यावर, म्हणून कॅशबॅक आठवडेच्या आठवडे 'प्रलंबित' दिसत राहतो. मध्येच दुसऱ्या दाराने शिरलात, दुसरीकडचे कूपन लावलेत, तर हे गिऱ्हाईक कोणी पाठवले याची नोंदच पुसली जाऊ शकते. शिवाय ठरावीक रक्कम साठेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. अनेकांची रक्कम त्या उंबरठ्याच्या अलीकडेच विसरली जाते आणि या विसरण्याचेही मोल असते.

तिसरा प्रकार क्रेडिट कार्डाचा. येथे दुकानदार प्रत्येक विक्रीमागे शुल्क मोजतो. ते त्याला कोठून तरी भरून काढावेच लागते, आणि ते वस्तूच्या किमतीतूनच निघते, असे अर्थशास्त्र सांगते. म्हणजे रोखीने साबण घेणारी कामवाली आणि कार्डाने तोच साबण घेणारी तिची मालकीण दोघी किंमत सारखीच देतात, कॅशबॅक मात्र एकीलाच. कार्ड देणाऱ्या बँकेचे दुसरे उत्पन्न म्हणजे थकबाकीवरचे व्याज. ते पुष्कळ कार्डांवर सालिना ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरात जाते. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. पाच टक्के कॅशबॅक म्हणून वीस हजारांचा फ्रीज घेतला तर हजार रुपये हाती आले. पण बिलाची केवळ किमान रक्कम भरली, तर महिना साडेतीन टक्क्यांनी जवळजवळ सातशे रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली. दोन महिन्यांत आवळा संपतो, कोहळा मात्र पुढे कितीतरी महिने जात राहतो. रॉचडेलकरांनी उधारी वर्ज्य केली होती ती काही उगाच नव्हे.

आता घरात येऊ. आमच्याकडे महिन्याचा किराणा सूनबाई मोबाइलवरून मागवते. एकदा यादीची बेरीज ७६० रुपये झाली. पडद्यावर सूचना आली की, हजाराच्या खरेदीवर ७५ रुपये परत. मुलगा म्हणाला, "अगं, दोनशे चाळीसचं काहीतरी टाक ना, पंच्याहत्तर मिळतायत." ती म्हणाली, "आणि खिशातून जातायत किती ते बघ की." तिने बेरीज करून दाखवली: हजार गेले, ७५ आले, खर्च झाला ९२५ रुपये. यादीपेक्षा १६५ जास्त. "या एकशे पासष्टात मला तेल हवं असेल तर ठीक. चॉकलेटचा डबा नको." मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. चौतीस वर्षांत इतके स्वच्छ कर्जप्रकरण माझ्या टेबलावर फार थोड्यांदा आले.

तिची पद्धत मला शिकण्यासारखी वाटली. यादी आधी, तीही कागदावर. मग तीच वस्तू दोन-तीन ठिकाणी पाहायची, आणि किंमत पाहताना पाकिटाची नव्हे तर ग्रॅमची. प्रति ग्रॅम वा प्रति मिलिलीटर किती पडते हे आता पाकिटावरच छापलेले असते, पण ते वाचतो कोण? 'दहा टक्के कॅशबॅक' या ठळक अक्षरांखाली 'कमाल ५० रुपये' अशी मुंगीएवढी ओळ असते. ती आधी वाचायची. ५०० रुपयांवर ते दहा टक्के खरेच दहा. ३,००० रुपयांवर ते दोनही नाहीत. कॅशबॅक बँक खात्यात येणार की अॅपच्या पाकिटात, की पंधरा दिवसांत मरणाऱ्या कूपनात, हे पाहायचे. कूपन असेल तर त्याची किंमत शून्य धरायची. हे सारे करून गेल्या वर्षी तिच्या खऱ्या खात्यात चार हजारांवर काही रुपये आले. ती रक्कम येईल तशी ती आवर्त ठेवीत टाकते. चार हजार म्हणजे काही घबाड नव्हे; पण गॅसच्या काही टाक्या त्यातून निघतात, आणि त्या तिने कमावल्या आहेत.

तेव्हा अॅप वापरू नका, असे सांगणारा हा लेख नव्हे. दारात आलेले चार पैसे नाकारणे हा शहाणपणा नाही. माझी चिंता वेगळी आहे, आणि ती मला बँकेच्या इतिहासातील एका जुन्या योजनेशेजारी ठेवून सांगाविशी वाटते.

१९२८ साली कर्नाटकात उडुपीच्या एका लहान बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून देशभर ओळखली गेली, पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारावर यायचा आणि घरातून दोन आणेसुद्धा जमा करून न्यायचा. विडीवाला, मासे विकणारी बाई, रिकाम्या वेळात शिवण करणारी विधवा, ज्यांच्यासाठी बँकेची पायरी फार उंच होती त्यांच्या दाराशी बँक गेली. पुढे महाराष्ट्रातील सहकारी बँका आणि पतसंस्थांनी ही योजना गावोगाव नेली. आजही बाजारपेठेतून संध्याकाळी फिरणारा पिग्मी एजंट तुम्हाला भेटेल. रोज येणारा तो माणूस दोन आणे मागायचा, आणि ते द्यायचे तर दोन आण्यांचा खर्च कमी करावा लागे. रोज येणारे अॅप दोन रुपये देते, आणि ते घ्यायचे तर आधी दोनशेचा खर्च करावा लागतो. दोघेही थेंबाथेंबाची भाषा बोलतात. पण एकाने तळे साचवले. दुसरा तळ्याला पाट काढून देतो आणि पाटाकाठी उभा राहून चार थेंब परत शिंपडतो.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीप्रमाणे २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली होती. कित्येक दशकांत ती इतकी उतरली नव्हती. त्याचे खापर कॅशबॅकवर फोडणे हास्यास्पद होईल. घरकर्जे वाढली, महागाई वाढली, करोनाकाळात तुंबलेला खर्च मोकळा झाला, अशी कारणे त्यामागे होती. पण ज्या काळात बचत आटते आहे, नेमक्या त्याच काळात खर्चाला बचतीचे नाव मिळावे, ही गोष्ट मला खटकते. 'आज तुम्ही ३४० रुपये वाचवले!' असे अॅप आपल्याला सांगते. वाचवलेले पैसे असतात ते उरलेले पैसे. जे उरलेच नाहीत, ते वाचले कसे?

आणखी एक गोष्ट माझ्या पत्नीने लक्षात आणून दिली. ती म्हणाली, "अहो, पूर्वी भाजीत घासाघीस करून पाच रुपये वाचवले की ते माझ्या डब्यात जायचे. आता पैसे तुमच्या फोनवरून जातात, आणि ते काय सुटे परत येतात तेही तुमच्याच फोनवर." यावर मला उत्तर सुचले नाही. डाळीच्या डब्यात, देवघराच्या फडताळात, साडीच्या घडीत साठलेल्या त्या पैशांनी आपल्याकडे किती मुलींच्या परीक्षेच्या फिया भरल्या आहेत, किती अडीनडी निभावल्या आहेत, याची मोजदाद कोणत्याही बँकेकडे नाही. ती बचत बाईच्या कौशल्याची होती आणि म्हणून तिच्या मालकीची होती. मोबाइलच्या व्यवहारात कौशल्य तिचे, यादी तिची, पण खाते घरच्या पुरुषाचे असेल, तर तिचा डबा कोणी मुद्दाम हिसकावून न घेताही रिकामा होतो. ज्या घरात एकाच फोनवरून पैसे जातात, त्या घराने याचा विचार करावा. किराण्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला तिच्या खात्यावर टाकावेत आणि तिथूनच खर्च व्हावा. मग उरलेलेही तिचे आणि कॅशबॅकही तिचा.

स्क्रॅच कार्डाबद्दलही एक शब्द. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिचे तिकीट घेणारा माणूस निदान जाणून असतो की आपण लॉटरी खेळतो आहोत. येथे तूरडाळीबरोबर तिकीट आपोआप येते. कधी पाच रुपये, कधी काहीच नाही, कधी एकदम पन्नास. बक्षीस दर वेळी मिळाले तर सवय तितकी चिकट होत नाही. कधी मिळते, कधी मिळत नाही, तेव्हाच ती घट्ट होते, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. घरातली दहा वर्षांची नात आजोबांचे कार्ड 'मी खरवडते' म्हणून हट्ट धरते, तेव्हा हा खेळ कोणासाठी बेतलेला आहे, याचा थोडा विचार करावा.

आणि दस्तुरी आपण केवळ पैशांत देत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आम्हाला गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. अमक्याच्या खात्यात किती आहे, हे घरी बायकोलाही सांगायचे नाही. आज तुमच्या घरात मधुमेहाची गोळी कधीपासून येऊ लागली, लहान मुलाचे दूध कधी सुरू झाले, महिनाअखेरीला कोणता खर्च आधी तुटतो, हे सारे पाच रुपयांच्या कॅशबॅकपोटी आपण सांगून बसतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. पण कायदा दाराला कडी लावून देतो. ती घालायची की नाही, हे घरच्यांनीच ठरवायचे असते. बिलाचा फोटो मागणारे, फोनमधले संदेश वाचण्याची परवानगी मागणारे अॅप काय देते आणि काय नेते, याचा सौदा एकदा शांतपणे तोलावा.

भामटे तर या वाटेवर टपलेलेच आहेत. 'तुम्हाला दोन हजारांचा कॅशबॅक लागला आहे, पिन टाका आणि स्वीकारा' असे सांगून किती निवृत्तांची खाती रिकामी झाली! माणसामाणसांत पैसे 'मागण्याची' यूपीआयवरील सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगले झाले. पण भामटे नवी वाट शोधतात. एक वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ करून द्यावे: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्राहकांना फसवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांना पायबंद घालणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केली. त्यांच्या पुढे जाऊन एक साधी मागणी करता येईल. जेथे कॅशबॅक जाहीर होतो, तेथे त्याच आकाराच्या अक्षरांत त्याची कमाल मर्यादा, मुदत आणि तो रोख आहे की कूपन, हे लिहिलेले असावे. पाकिटावर किंमत छापण्याची सक्ती आपण करू शकलो, तर हेही अशक्य नाही. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

तोवर घरापुरते एक करता येईल. हिशेबाची वही, मग ती दोनशे पानी असो की मोबाइलमधली, पुन्हा सुरू करावी. तिच्यात खर्चाच्या बाजूला पूर्ण रक्कम लिहावी, कॅशबॅक वजा न करता. कॅशबॅक जमेच्या बाजूला लिहावा, पण तो खरोखर खात्यात पडेल त्या दिवशी, आधी नाही. आणि यादीत नसलेली वस्तू त्याच्या लोभाने घेतली असेल, तर तिच्यापुढे एक फुली मारावी. वर्षाअखेर जमेची बेरीज एकीकडे आणि फुल्यांची बेरीज दुसरीकडे मांडावी. ज्या घरात जमा मोठी निघेल, त्या घराने अॅप खुशाल वापरावे; ते तेथे चाकरीला आहे. ज्या घरात फुल्या मोठ्या निघतील, तेथे चाकरी कोण कोणाची करते आहे, हे वेगळे सांगायला नको.